पाणी-प्रश्न: आधी पाणी ओळखा, मग यंत्र भिंतीला लावा

ऊन तापायला लागलं की आमच्याकडच्या पत्रांत पाण्याची पत्रं वाढतात, आणि त्यातल्या निम्म्या पत्रांत एकच सवाल असतो: कोणतं यंत्र घेऊ? खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातल्या, घराला जे लागतं ते गडचिरोलीकडच्या हापशीला कामाचं नाही, आणि यवतमाळकडच्या काही गावांत तर पाणी चवीला गोड असूनही त्यात दोष असतो. म्हणून या वेळी यंत्राच्या नावांऐवजी पाण्याबद्दल आणि जोडणीबद्दल आलेले प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न: आमच्या बोरिंगचं पाणी मचूळ आहे. चहा फाटतो, तुरीची डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी घोटली जात नाही. दुकानदाराच्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) १६५० आला. त्याच्याकडूनच सुटे भाग जोडून तयार केलेलं आरओ घेतलं, पण बसवणारा माणूस पंधरा दिवस येत नाही म्हणतो. घरी ड्रिल आणि पाने आहेत. आपलं आपण बसवता येईल का? (दर्यापूर तालुका)

उत्तर: येईल. दोन तासांचं काम आहे, घाई केली तर मात्र दिवसभराचं होतं.

आधी पाण्याचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० : २०१२, टीडीएस ५०० पर्यंत चांगला मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. घरगुती आरओही बहुतेक २००० पर्यंतच्याच पाण्यासाठी केलेले असतात. तुमचं १६५० त्यात बसतं. डाळ शिजत नाही ती पाण्याच्या जडपणामुळे, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, आणि मचूळ चव येते ती मुख्यतः क्लोराइडमुळे. आरओचं मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा बारीक पडदा, दोन्ही काढतं. नवं मेंब्रेन ९० ते ९५ टक्के क्षार अडवतं, म्हणजे तुमच्याकडे बाहेर येणारं पाणी ८० ते १६५ टीडीएसचं असायला हवं. हे दोन आकडे लिहून ठेवा, शेवटी लागतील.

जागा निवडताना सावली, अर्थिंग असलेला सॉकेट आणि सांडपाण्याची वाट या तिन्ही गोष्टी जवळ हव्यात. टाकी भरली की यंत्राचं वजन १५ ते २० किलोच्या घरात जातं. विटांची भिंत असेल तर फिशरच्या, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या गुल्लीच्या, मापाचं भोक पाडून तो पूर्ण खोल बसवा. मातीची भिंत असेल तर फिशर महिनाभरात सैल होतो. तिथे सागाची जाड फळी भिंतीच्या आरपार बोल्टने कसा, नाहीतर सरळ ओट्यावर घडवंची ठेवून तिच्यावर यंत्र ठेवा.

टाकीवरून येणाऱ्या अर्ध्या इंची लाइनला तीन तोंडांचा वॉल्व्ह लावायचा. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्या ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने, आठ-दहा वेढे. उलट गुंडाळली तर कसताना ती गोळा होऊन बाहेर येते आणि गळती राहते. वॉल्व्हनंतर बाहेरचा बाउल, ज्यात ५ मायक्रॉनचा पांढरा स्पन, म्हणजे गाळ अडवणारा फिल्टर, असतो. बाउलच्या टोपणावर आत-बाहेरचे बाण असतात. उलटा जोडला तरी पाणी येतं, पण गाळ स्पनच्या आतल्या बाजूने साचतो आणि बाहेरून स्पन पांढराच दिसत राहतो. फसगत होते ती इथे.

पाव इंची नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापा. तिरकी कापलेली नळी एल्बोमध्ये, म्हणजे वाकड्या जोडात, नीट टेकत नाही आणि दाब आला की थेंब-थेंब गळते. नळी आत टेकेपर्यंत ढकलायची, म्हणजे साधारण दीड सेंटीमीटर, मग छोटी निळी किंवा लाल क्लिप लावायची आणि एकदा मागे ओढून पाहायचं.

आता महत्त्वाचा टप्पा, जो घाईत असलेले मेकॅनिक सर्रास गाळतात. मेंब्रेन सीलबंद पिशवीतच ठेवा. आधी ते न घालता सेडिमेंट आणि कार्बन फिल्टरमधून पाणी पाच-सात मिनिटं बादलीत जाऊ द्या. नव्या कार्बनमधून काळी भुकटी निघते. ती मेंब्रेनवर गेली तर पहिल्याच दिवशी त्याचं आयुष्य कमी होतं. पाणी स्वच्छ आलं की पंप बंद करा आणि मेंब्रेन त्याच्या टोपणाच्या लांबट डब्यात घाला. ज्या टोकाला दोन बारीक ओ-रिंग आहेत ते टोक आधी आत जातं, जाड काळी रबरी कड टोपणाच्या बाजूला राहते. ओ-रिंग पाण्याने ओल्या करा. खोबरेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. शेवटी थोडा नेट लावल्यावर टक्‌ असं बसल्याचं हाताला कळतं. तसं कळलं नाही तर बाहेर काढून पुन्हा घाला, कारण ओ-रिंग मुडपली असेल तर खारं पाणी बाजूने निसटून शुद्ध पाण्यात मिसळत राहतं. मग लोक मेंब्रेनला दोष देतात.

मेंब्रेनच्या डब्याला टोपणाच्या समोरच्या टोकाला दोन तोंडं असतात. मधलं शुद्ध पाण्याचं, कडेचं सांडपाण्याचं. सांडपाण्याच्या नळीत एफआर, म्हणजे प्रवाह रोखणारा छोटा तुकडा, बाणाची दिशा पाहून जोडायचा. ७५ जीपीडीच्या (दिवसाला ७५ गॅलन पाणी देणाऱ्या) मेंब्रेनला बहुधा ४५० चा एफआर असतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ४५० मिली पाणी सांडणार, एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-सव्वादोन लिटर. ते पाहून जीव तुटतो हे खरं, पण पाणी वाचवायला लहान एफआर बसवला तर तुमच्या जड पाण्यात मेंब्रेनवर काही महिन्यांतच क्षारांचा थर बसेल. तुमच्याकडे उलट अँटीस्केलंट, म्हणजे क्षारांचा थर बसू न देणाऱ्या, गोळ्यांचा बाउल आणखी एक जोडलेला बरा.

सगळं जोडलं की प्लग लावा आणि अर्धा तास कोरड्या कपड्याने एकेक जोड पुसून बघा. पहिल्या दोन टाक्या पाणी फेकून द्या, भांडी घासायला वापरा. त्यानंतर मोजमाप करा: सांडपाणी मिनिटाला ४०० ते ४५० मिली, शुद्ध पाण्याचा एक लिटर पाच ते सात मिनिटांत, टीडीएस ८० ते १६५. सांडपाणी ठीक आहे पण शुद्ध पाणी फारच कमी, तर पंपाचा दाब कमी पडतोय. अडॅप्टरमधून २४ व्होल्ट मिळतात का ते पाहा. शुद्ध पाणी भरपूर पण टीडीएस ५००-६००, तर ओ-रिंग मुडपलेली आहे, नाहीतर टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू उघडा आहे. त्या स्क्रूबद्दल पुढच्याच उत्तरात.

एकच सूचना राहिली: चहा, वरण, भात सगळ्याला हेच पाणी वापरा. प्यायला आरओ आणि स्वयंपाकाला बोरिंग केलं तर डाळीची तक्रार तशीच राहील.

प्रश्न: गावातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत. बोरिंगच्या पाण्याचा अहवाल आला, त्यात टीडीएस ६०० आणि फ्लोराइड लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. आम्ही आरओ बसवलं. मेकॅनिकने स्क्रू फिरवून टीडीएस १८० वर आणून ठेवला आणि म्हणाला, ‘यापेक्षा कमी नको, पाणी मेलेलं होतं.’ आता निश्चिंत राहावं का? (केळापूर तालुका, यवतमाळ)

उत्तर: नाही. तो स्क्रू आजच बंद करा.

टीडीएस कंट्रोलर म्हणजे मेंब्रेनला वळसा घालणारी एक वाट. स्क्रू उघडला की न गाळलेलं पाणी थोडं थोडं शुद्ध पाण्यात मिसळतं आणि मीटरवरचा आकडा ‘चांगला’ दिसतो. हिशेब करून पाहू. ६०० टीडीएसच्या पाण्यातून तुमचं मेंब्रेन साधारण ४५ टीडीएसचं पाणी देईल. ते १८० वर न्यायचं तर जवळजवळ चौथा हिस्सा कच्चं पाणी मिसळावं लागतं. मेंब्रेनमधून आलेल्या तीन हिश्श्यांत फ्लोराइड अर्धा मिलिग्रॅम धरलं आणि कच्च्या एका हिश्श्यात ५, तर ग्लासातल्या पाण्यात ते सुमारे १.६ होतं. मानकाची इष्ट मर्यादा १ आहे आणि शेवटची १.५. म्हणजे यंत्र घेऊन, वीज जाळून, पाणी सांडूनही तुम्ही मर्यादेच्या बाहेरच. स्क्रू पूर्ण बंद केला की तेच अर्ध्या मिलिग्रॅमवर येतं.

पाणी ‘मेलेलं’ होण्याची भीती फारशी धरू नका. आपल्याला कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं ते मुख्यतः भाकरी, डाळ, दूध, पालेभाज्यांतून. चव अगदीच सपक वाटली तर मेंब्रेननंतर बसणारं मिनरल कार्ट्रिज लावा, ते कच्चं पाणी मिसळत नाही.

टीडीएस मीटर पाण्यातल्या सगळ्या क्षारांची एकत्र बेरीज सांगतो, फ्लोराइड वेगळं दाखवत नाही. नायट्रेटही दाखवत नाही, आणि विहिरीशेजारी उकिरडा किंवा गोठा असेल तर ते हमखास तपासावं. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि मानकात त्यावर सूट नाही. तान्ह्या बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडतं. पाणी उकळून फ्लोराइड किंवा नायट्रेट जात नाही, उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतं. जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याचाही इथे उपयोग नाही.

यंत्र नीट चालतंय का हे कळायला स्क्रू बंद केल्यानंतर शुद्ध पाण्याचा नमुना पुन्हा तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. ग्रामपंचायतीकडे जल जीवन मिशनचं तपासणी किट असेल तर प्राथमिक अंदाज गावातच मिळतो. रासायनिक तपासणीला लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायची. शीतपेयाची बाटली चालेल, फिनाइलची कधीच नाही. जंतूंच्या तपासणीला मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते आणि ती बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोहोचवावी लागते.

जादा फ्लोराइडने पडलेले दातांवरचे डाग नव्या पाण्याने जात नाहीत. पक्क्या दातांचं कवच साधारण आठ वर्षांपर्यंत घडतं. म्हणून घरात त्याहून लहान मूल असेल तर हे पाणी आधी त्याच्या ताटात आणि पेल्यात पोहोचलं पाहिजे. भात पाणी पिऊन घेतो, तेव्हा भातालाही हेच पाणी.

प्रश्न: आरओचा पंप सुरूच होत नाही, पाणी कमी असल्याचा लाल दिवा लागतो. टाकी स्लॅबवर आहे आणि भरलेली आहे. मेकॅनिक दुसरी मोटर लावा म्हणतो. (आर्वी तालुका, वर्धा)

उत्तर: मोटर घेण्याआधी मोजायची टेप हातात घ्या. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोचा दाब. तुमची टाकी थेट स्लॅबवर, स्लॅब १० फुटांवर आणि यंत्र ५ फुटांवर असेल, तर टाकी रिकामी होत येते तेव्हा यंत्राला मिळतात फक्त ५ फूट, म्हणजे ०.१५ किलो. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत किमान ०.३ किलो मागितलेले असतात, म्हणजे १० फूट. टाकीखाली ४ फुटांचा लोखंडी स्टँड करा आणि यंत्र भिंतीवरून उतरवून साडेतीन फुटांवर, ओट्याच्या पातळीला आणा. साडेदहा फूट झाले. मोटर लागलीच नाही.

त्याआधी दोन गोष्टी तपासून पाहा. बाउलमधला स्पन काढून यंत्र चालवून बघा. दिवा गेला तर दोष स्पनचा, पावसाळ्यात तो पंधरा-वीस दिवसांतही गच्च होतो. (तपासणी झाली की स्पन लगेच परत घाला.) आणि टाकीपासून येणारा पाइप मध्येच वर चढून खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यात हवा कोंडते. तिथला नळ पाच मिनिटं पूर्ण सोडून ठेवला की बहुधा सुटते.

कमी दाबाच्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून दिवा ‘घालवणारे’ लोक भेटतात. तसं करू नका. पाणी नसताना पंप कोरडा फिरतो आणि त्याचा रबरी पडदा फाटतो. यंत्र थेट नळयोजनेच्या लाइनलाही जोडू नका: नळ चार दिवसांआड तासभर येतो आणि पहिली पाच मिनिटं गढूळ असतो. आणि त्या नळाला टिल्लू पंप लावून पाणी ओढणाऱ्यांना एवढंच, की पंपाच्या ओढीने लाइनच्या फुटलेल्या जोडातून नालीचंही पाणी आत येतं. ते आधी शेजाऱ्याच्या नव्हे, तुमच्याच टाकीत जातं.

प्रश्न: आमच्याकडे हापशीचं पाणी काढताना नितळ असतं, पण गुंडात रात्रभर ठेवलं की तांबूस होतं, तळाशी गाळ बसतो. भात पिवळट होतो, चहा काळा पडतो. वीज भरवशाची नाही. आरओ घ्यावं का? (धानोरा तालुका, गडचिरोली)

उत्तर: घेऊ नका. हे लोह आहे, आणि लोहाने मेंब्रेन सगळ्यात आधी चोंदतं. तुमचं काम विजेशिवाय, वाळूने होतं.

जमिनीखाली हवा नसल्याने लोह पाण्यात विरघळलेलं असतं, म्हणून पाणी नितळ दिसतं. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो खाली बसतो. गुंडात रात्रभर जे होतं तेच आपण मुद्दाम आणि लवकर घडवायचं. चहा काळा पडतो तोही याचाच पुरावा: चहातल्या टॅनिनचा लोहाशी संयोग होऊन शाईसारखा रंग येतो.

दोन भांडी लागतील. वर २० लिटरची प्लास्टिकची बादली, तिच्या बुडाला खिळा तापवून दोन-दोन सेंटीमीटरवर बारीक भोकं. खाली शंभर लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, तळापासून चार बोटं वर तोटी बसवलेला. बादली ड्रमच्या काठापासून फूट-दीड फूट उंच टांगा किंवा लाकडी तिकाटण्यावर ठेवा. पाणी धारांनी पडायला हवं, जितक्या बारीक धारा आणि जितकी उंची, तितकी हवा जास्त.

ड्रममध्ये तळाला १० सेंटीमीटर गिट्टी, सुपारीएवढी. वर ५ सेंटीमीटर बारीक बजरी, हरभऱ्याएवढी. त्यावर ३० ते ४० सेंटीमीटर नदीची वाळू, गव्हाच्या चाळणीने चाळून. वाळू धुण्यात कसूर करू नका. टोपलीभर वाळू पाण्यात ढवळून ओतून द्यायची, आणि ओतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा, दहा-बारा वेळा तरी. वाळूवर एक चपटा दगड किंवा ताटली ठेवा, नाहीतर पडणाऱ्या पाण्याने वाळूत खड्डा पडतो आणि पाणी तिथूनच सरळ खाली धावतं, गाळलं जात नाही. तोटी इतकीच उघडा की लिटर भरायला एक-दोन मिनिटं लागतील.

पहिले दोन दिवसांचं पाणी टाकून द्या. नंतर धार मंदावली की वरचा दोन बोटं तांबडा थर खरवडून काढा, ती वाळू धुऊन परत घाला. पाणी तरीही तांबूस येत असेल तर बहुधा पीएच ७ च्या खाली, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं आहे. अशा पाण्यात लोह सुटायला वेळ लागतो. ते रात्रभर उघड्या टाक्यात कापड बांधून ठेवा आणि सकाळी गाळा. मानकात लोहाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, तपासणीत तेवढं उतरलं की पुरे.

वाळूने जंतू जातील असं समजू नका. गाळलेल्या पाण्यात क्लोरीन हवं. ग्रामपंचायतीतल्या जलसुरक्षकाकडून ताजी टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, घ्या. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात ढवळा, गाळ बसू द्या, वरचं नितळ द्रावण काचेच्या बाटलीत काढा. या द्रावणाचा १ मिली एक लिटर पाण्याला, म्हणजे २० लिटरच्या गुंडाला २० मिली. अर्धा तास थांबून मग प्या. जलसुरक्षकाकडच्या ओटी द्रावणाचे (क्लोरीन तपासायच्या रसायनाचे) थेंब टाकल्यावर पाणी फिकट पिवळं झालं तर मात्रा बरोबर. ते तपासलेलं पाणी पिऊ नका, फेका. बाटली अंधारात ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी द्रावण नवं करा. आणि क्रम पाळा: आधी लोह काढायचं, मग क्लोरीन. उलट केलं तर क्लोरीन लोहातच खर्च होतं आणि जंतूंसाठी उरत नाही.

प्रश्न: गेल्या मेमध्ये आरओच्या पाण्याची चव बदलली, टीडीएस ९० चा १४० झाला आणि दोनदा नळी आपोआप निघून घरभर पाणी झालं. जूनमध्ये सगळं पूर्ववत. यंत्रात काही बिघाड? (भद्रावती तालुका, चंद्रपूर)

उत्तर: बिघाड उन्हाचा. मेंब्रेनची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. पाणी गरम झालं की मेंब्रेन ढिलं पडल्यासारखं वागतं: पाणी जास्त सोडतं आणि क्षारही जास्त सोडतं. नळ्या आणि एल्बोचं प्लास्टिकही मऊ होतं, मग पंपाच्या दाबाने नळी सुटते. बहुतेक यंत्रांना ४० अंशांपर्यंतचंच पाणी चालतं, आणि तुमच्याकडे हवाच ४५ च्या पुढे जाते. स्लॅबवरच्या काळ्या टाकीत दुपारी तीन वाजता हात घालून पाहा.

उन्हाळ्याचे अडीच महिने आरओ फक्त पहाटे चालवा. पाच ते सातच्या दरम्यान दिवसभराचं पाणी माठात भरून घ्या आणि प्लग काढा. टाकीवर हिरवी जाळी किंवा पऱ्हाट्यांचा मांडव करा, टाकीला ओला बारदाना गुंडाळा. टाकीपासूनचा पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून येत असेल तर तो शक्यतो आतून आणा. सगळ्या क्लिपा एप्रिलमध्येच नव्या लावा, दोन रुपयांच्या क्लिपेपायी सुटलेली नळी रात्रभरात घर भिजवते.

प्रश्न: आरओचं सांडपाणी परसातल्या वांगी-मिरचीला देतो. पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या आहेत. (मूर्तिजापूर तालुका)

उत्तर: कारण तेच पाणी. तुमचं बोरिंग १८०० टीडीएसचं असेल तर सांडपाणी २५०० च्या वर जातं, कारण शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच उतरतात. खारपाणपट्ट्याच्या काळ्या मातीत आधीच सोडियम आहे. त्यावर हे ओतत राहिलात तर माती चोपण होते: ओली असताना चिकट, वाळली की दगड, पाणी वरच साचतं. तुम्हाला हे आम्ही काय सांगावं, वावरात पाहिलंच असेल. ते पाणी शौचालयाला, लादी पुसायला, गाडी धुवायला वापरा. पितळी-तांब्याची भांडी त्याने विसळली तर पांढरे डाग राहतात, शेवटचं पाणी चांगलं घ्या.

प्रश्न: रात्री टाकी भरून झोपतो, सकाळी निम्मी रिकामी. आरओ बंद असतं, तरी सांडपाण्याची नळी वाहते. (नाव-गाव नाही)

उत्तर: तुमच्या एसव्हीमध्ये, म्हणजे विजेने उघड-बंद होणाऱ्या सोलेनॉइड वॉल्व्हमध्ये, कचरा अडकला आहे. वीज गेली की तो बंद व्हायला हवा, तो होत नाही आणि टाकीचं पाणी आपल्या उताराने नालीत जातं. प्लग काढून दहा मिनिटांनी नळी पाहा, धार थांबली नाही तर खात्री झाली. वॉल्व्ह सोडवून उलट्या बाजूने जोरात पाणी मारून पाहता येतं, पण बहुधा बदलावाच लागतो. २४ व्होल्ट डीसीचाच मागा आणि बाण पाहून बसवा. तो येईपर्यंत रात्री तीन तोंडांचा वॉल्व्ह हाताने बंद करून झोपा.

प्रश्न: आमचं बोरिंग ३२०० टीडीएसचं. दरवर्षी मेंब्रेन बदलून कंटाळलो. याहून मोठं आरओ घ्यावं का? घराला ५०० चौरस फुटांचं टिनाचं छत आहे. (तेल्हारा तालुका)

उत्तर: पत्राच्या शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर लिहून पाठवलं आहे.

५०० चौरस फूट म्हणजे साडेसेहेचाळीस चौरस मीटर. हंगामात ७०० मिलिमीटर पाऊस धरा, पाचवा हिस्सा वाया गेला म्हणा, तरी २६,००० लिटर पाणी छतावरून उतरतं. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटरप्रमाणे दिवसाला २५ लिटर लागतात. ऑक्टोबरपासून जूनच्या मध्यापर्यंतचे साडेआठ महिने काढायला ६,५०० लिटर. म्हणजे ८,००० लिटरची एक झाकलेली टाकी पुरते, आणि त्या पाण्याला मेंब्रेन लागतच नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते आरओमधून काढलं तर उलट पाणी वाया जाईल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात छत झाडून धुऊन घ्या. पन्हाळीला ४ इंची पाइप, आणि टाकीच्या आधी टी लावून एक वाट ५० लिटरच्या बंद ड्रमकडे. पावसाचा पहिला मिलिमीटर म्हणजे तुमच्या छताचं सुमारे ४६ लिटर पाणी. पाखरांची घाण, धूळ, सगळं त्यात येतं, ते आधी या ड्रममध्ये भरतं आणि मगच पाणी टाकीकडे वळतं. ड्रमच्या तळाला बारीक तोटी ठेवा आणि प्रत्येक पावसानंतर तो रिकामा करा. ही तोटी सोडायची राहिली की पुढच्या पावसाची घाण थेट टाकीत, आणि या व्यवस्थेत सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. टाकीच्या तोंडाला स्टीलची बारीक जाळी, उतू जाणाऱ्या पाइपलाही जाळी, नाहीतर डास. आत उजेड गेला तर शेवाळ धरतं, झाकण घट्ट हवं.

टाकी फेरोसिमेंटची नवी असेल तर पाणी भरून आठवडाभर मुरवा, ते ओतून द्या, पुन्हा भरून पुन्हा ओता. नव्या सिमेंटमुळे पाण्याचा पीएच चढतो आणि चुन्याची चव येते. हंगाम संपता संपता टाकी भरली की हजार लिटरला ५ ग्रॅमप्रमाणे ४० ग्रॅम टीसीएल बादलीत कालवून, गाळ बसवून, वरचं पाणी टाकीत सोडा. नंतर महिन्या-महिन्याला ओटी तपासणी करा, पिवळेपणा दिसला नाही तर रोज लागेल तेवढ्याच पाण्यात वर धानोऱ्याच्या पत्राला दिलेल्या उत्तरातल्या मापाने द्रावण टाका. पाणी काढायला हातपंप किंवा तोटी, टाकीत बादली बुडवायची नाही.

सध्याचं आरओ मात्र विकू नका. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, तेव्हा त्यात नळयोजनेचं किंवा टँकरचं पाणी घालता येतं. काही महिने बंद ठेवणार असाल तर मेंब्रेन काढून, स्वच्छ पाण्यात ओलं करून, झिपच्या पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलं की फाटतं.